अडकलेल्यानं कसंही बोलावं

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या कंपनीचे व्यवस्थापकीय संचालक साहेब, प्रमुख पाहुणे म्हणून लाभलेले संचालक मंडळाचे ज्येष्ठ सदस्य, एचआर विभागाच्या प्रमुख मॅडम, ज्यांच्यासाठी आपण सगळे कामाचे कपडे बदलून इथे जमलो आहोत ते आजचे सत्कारमूर्ती, पहिल्या रांगेत बसलेल्या वहिनी आणि त्यांची लेक, कारखान्यातले, दुरुस्ती पथकातले आणि कार्यालयातले माझे सहकारी, आणि खुर्च्या पुरल्या नाहीत म्हणून मागे भिंतीला टेकून उभे राहिलेले सगळे, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

माझ्या आधीच्या वक्त्यांनी सत्कारमूर्तींचा गौरव फार सुंदर शब्दांत केला. मला तसं सुंदर बोलता येईलसं वाटत नाही. खरं म्हणजे माझंही भाषण सुंदर होतं. मी ते लिहून एचआर विभागाकडे दाखवायला दिलं होतं, कारण तसं सांगितलं होतं. ते दुरुस्त होऊन परत आलं. मी लिहिलं होतं, ‘मास्तरांना काढलं.’ त्याचं झालं होतं, ‘मास्तर आपल्या प्रदीर्घ सेवेतून निवृत्त होत आहेत.’ भाषा सुधारली, मॅडम, त्याबद्दल आभारी आहे. तो कागद मी घरी ठेवून आले आहे. आता जे बोलेन ते माझं.

पाहुण्यांना माझी ओळख नसेल. मी तक्रार कक्षात फोन घेते. आपल्या कंपनीची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये बंद पडली, आतल्या माणसानं लाल बटण दाबलं, की पलीकडून जो आवाज येतो, तो माझा. आणि मास्तर आमच्या शेजारच्या खोलीत बसायचे, सूचना विभागात. मास्तर हे त्यांचं नाव नव्हे, हे पाहुण्यांनी ओळखलं असेलच. जो दिसेल त्याची भाषा दुरुस्त करायची खोड, म्हणून मास्तर. आपल्या प्रत्येक लिफ्टच्या भिंतीवर जी सूचना असते आणि ग्राहकाला जी पुस्तिका दिली जाते, त्यातला शब्दन्‌शब्द त्यांच्या नजरेखालून गेलेला.

माणूस गोड नव्हता, हे मी त्यांच्या तोंडावर सांगते. हसू नका, मास्तर, खरं आहे ते. आम्ही त्यांना वैतागायचो. एकदा डिझाइन विभागाकडून एक सूचना छपाईला आली होती. ‘लहान मुलांना एकट्याने लिफ्टमध्ये सोडू नये.’ मास्तर तो कागद घेऊन वरच्या मजल्यावर गेले आणि त्या इंजिनियरला सगळ्यांदेखत विचारलं, “म्हणजे दोघांनी मिळून सोडलं तर चालेल?” खोली हसली. इंजिनियर चिडला. म्हणाला, “मास्तर, भावना पोचल्या ना? मग झालं तर!” मास्तर म्हणाले, “भावना तुमच्या आहेत, मूल दुसऱ्याचं आहे.” आणि त्यांनी तिथेच उभ्यानं लिहिलं, ‘लहान मुलांना लिफ्टमध्ये एकटं सोडू नका.’ आज गावोगावच्या लिफ्टमध्ये ते वाक्य आहे. कोणाच्या लक्षातही येत नाही, इतकं ते सरळ आहे.

माझं आणि त्यांचं मोठं भांडण एकदाच झालं. मी फोनवर होते. आत अडकलेले एक गृहस्थ घाबरून ओरडत होते, “लिफ्ट बंद पडला! लिफ्ट बंद पडला!” मीही घाईघाईत पथकाला तसंच सांगितलं, “लिफ्ट बंद पडला.” आणि शेजारच्या खोलीतून आवाज आला, “पडली.”

माझं डोकंच फिरलं. फोन संपल्यावर मी त्यांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले. म्हटलं, “तिथं माणूस गुदमरतोय आणि तुम्हाला स्त्रीलिंग-पुल्लिंगाचं पडलंय? लाज वाटत नाही?”

त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, “बाई, मी त्याला नाही बोललो. तुम्हाला बोललो. अडकलेल्यानं कसंही बोलावं. बाहेरच्यानं नीट बोलावं. बाहेरच्याला वेळ असतो.”

त्या दिवशी मला ते पटलं नव्हतं. म्हणजे पटलं होतं, पण रागात माणूस कबूल करतो थोडाच?

सभ्य स्त्री-पुरुषहो, व्याकरण मोठं की निरोप मोठा, यावर आपल्या कॅन्टीनमध्ये वर्षानुवर्षं वाद झाले आहेत. विक्री विभाग एका बाजूला, मास्तर एकटे दुसऱ्या बाजूला. आपले संचालक साहेबही विक्री विभागातूनच वर आलेले, त्यामुळे त्यांचा कौल कुठे असायचा ते सांगायला नको. साहेबांचे मोबाईलवर निरोप येतात. त्यात स्वल्पविराम नसतो, पूर्णविराम नसतो. मागे एकदा सगळ्यांना निरोप आला, ‘उद्या मीटिंगला यायचं नाही आलात तर कळवा’. अर्ध्या लोकांनी वाचलं, यायचं. अर्ध्यांनी वाचलं, यायचं नाही. दुसऱ्या दिवशी अर्ध्या खुर्च्या रिकाम्या! साहेब चिडून म्हणाले, “जरा समजून घ्यायचं की माणसाला काय म्हणायचंय ते!”

हे वाक्य लक्षात असू द्या. मी पुढे जाते.

मास्तरांना झटका आला तो ऑफिसातच. पुस्तिकेचं प्रूफ वाचत होते, हातातलं पेन पडलं, ते उचलायला वाकले ते उठलेच नाहीत. दुरुस्ती पथकातल्या दोघांनी त्यांना उचलून गाडीत घातलं. मेंदूत गुठळी झाली होती. जीव वाचला. पाय सावरला, उजवा हात मागे राहिला. आणि वाणी गेली. गेली म्हणजे पूर्ण नाही. मी दवाखान्यात भेटायला गेले तेव्हा डॉक्टरांनी वहिनींना समजावून सांगितलं, “त्यांना सगळं कळतं. वाचताही येतं. शब्द आहेत, अर्थ आहे. फक्त शब्द ओवायचा दोरा तुटलाय.”

दोराच तुटला! गवयाचा गळा जावा, चित्रकाराचे डोळे जावेत, तसं आयुष्यभर लोकांची वाक्यं नीट करणाऱ्या माणसाचं वाक्य गेलं. मला बघून त्यांनी ओठ हलवले. बराच वेळ गेला आणि मग म्हणाले, “बाई... फोन... कोण?” म्हणजे, तुम्ही इथे आलात तर तिकडे फोन कोण घेतंय? मला समजायला क्षणही लागला नाही.

ते कामावर परतले. डॉक्टरांनी लेखी परवानगी दिली होती. प्रूफ वाचत, चुकीखाली डाव्या हातानं रेघ मारत. पण कॅन्टीनमध्ये काय चाललं होतं? वर्षानुवर्षं ज्यांच्या चुका त्यांनी काढल्या, त्यांना पर्वणीच मिळाली. एक दिवस विक्री विभागातला एक जण टेबलावर त्यांची नक्कल करत होता, “चहा... मी... कप...” आणि मास्तर ताट घेऊन नेमके त्याच्या पाठीशी उभे. समोरचे गप्प झाले तेव्हा त्यानं वळून पाहिलं. मास्तरांनी ताट खाली ठेवलं. शब्द शोधला. म्हणाले, “क्रियापद... कुठे?” आणि आपल्या जागेवर जाऊन बसले.

हसा, हसा. मीही हसले होते. पण मग ताटाकडे बघत बसलेले मास्तर बघितले आणि हसू पळालं. त्या दिवसापासून ते जेवणाच्या सुट्टीत माझ्या कक्षात येऊन बसू लागले. मी फोन घेत असायचे, ते शेजारच्या खुर्चीवर. कोणाशी बोलायचं बंधन नाही.

अशाच एका दुपारी मी एका फोनवर असताना दुसरा फोन वाजायला लागला. माझी जोडीदारीण रजेवर होती. वाजतोय, वाजतोय, थांबतोय, पुन्हा वाजतोय. मी हातानं खूण केली, ‘मी हे संपवून घेते.’ मास्तरांनी फोनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि डाव्या हातानं उचलला.

पलीकडचा माणूस रंगकाम करणारा होता. कामासाठी लांबून आलेला, आपली भाषा नुकती शिकत असलेला. लिफ्टमधलं लाल बटण बंद पडलेलं, म्हणून भिंतीवरच्या सूचनेत दिलेला नंबर त्यानं मोबाईलवरून लावला होता. आम्हाला जी नवी नियमावली दिली आहे, तिच्याप्रमाणे आधी विचारायचं असतं, ‘कृपया आपलं पूर्ण नाव आणि इमारतीचा नोंदणीकृत पत्ता सांगावा.’ त्या बिचाऱ्याला यातला ‘कृपया’ तरी कळला असता का?

मास्तर म्हणाले, “लिफ्ट?”

तो म्हणाला, “लिफ्ट. बंद. बायको. पोट.”

“बाळ?”

“बाळ. आज. दुखतं.”

मास्तर म्हणाले, “भिंत. कागद. खाली... आकडा.” आपल्या प्रत्येक सूचनेखाली त्या लिफ्टचा क्रमांक असतो. तो माणूस एकेक आकडा वाचत गेला, मास्तर फोन मानेशी दाबून डाव्या हातानं लिहीत गेले, आणि तो कागद त्यांनी माझ्यासमोर आपटला. वर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, ‘बाळंतपण’. मी हातातला फोन तिथेच सोडला आणि पथकाला कळवलं, रुग्णवाहिकेला कळवलं.

मास्तरांनी फोन ठेवला नाही. तिकडून बाईच्या ओरडण्याचा आवाज माझ्यापर्यंत येत होता. तो माणूस दार ओढायला लागला असावा, कारण मास्तर एकदम मोठ्यानं म्हणाले, “दार... नको! हात... मागे!” मग हळू आवाजात, “ती... खाली. पाठ... भिंत. श्वास... हळू. माणूस... वाटेत.” तो रडायला लागला. आपल्या भाषेत काहीतरी बोलायला लागला, त्यातलं मास्तरांना अक्षरही कळत नव्हतं. आणि तेव्हा मी ऐकलं. मास्तर म्हणाले, “मी आहे.”

थोड्या वेळानं पुन्हा, “मी आहे.”

पथक पोचेपर्यंत ते तेवढंच म्हणत राहिले.

मुलगी झाली. दवाखान्यात पोचल्यावर झाली, सुखरूप. पथकातले लोक इथे मागे उभे आहेत, त्यांना विचारा. त्या दिवशी त्या फोनवर मी असते, तर मी चांगल्या घोटीव भाषेत बोलले असते. आणि त्या माणसाला त्यातलं किती कळलं असतं, या विचारानं मला अजून घाम फुटतो.

आता पुढचं ऐका. मास्तरांच्या पाठीवर कोणी थाप मारली असेल, असं तुम्हाला वाटत असेल. मला ताकीद मिळाली! ‘अनधिकृत व्यक्तीस ग्राहकाशी संभाषण करू देण्यात आले.’ आणि मास्तरांना समितीसमोर बोलावलं गेलं, कामासाठी योग्य आहेत की नाहीत ते ठरवायला. वहिनींनी सांगितलं म्हणून मी त्यांच्याबरोबर गेले. वरच्या मजल्यावरची काचेची खोली. साहेब होते, मॅडम होत्या, आणखी एक सल्लागार होते.

तिथं त्यांनी त्या फोनचं ध्वनिमुद्रण लावलं. मला वाटलं, आता तरी कळेल यांना. मी मनातल्या मनात खूश झाले, इतकी मी बावळट. ध्वनिमुद्रण संपलं आणि सल्लागार म्हणाले, “हे आपल्या कंपनीचं ग्राहकाशी बोलणं आहे? यात एकही पूर्ण वाक्य नाही.”

दोन जीव वाचले त्या बोलण्यात, आणि तेच पुरावा म्हणून त्या माणसाविरुद्ध वापरलं गेलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. कारण ज्याला मारत होते, त्याला उलट बोलताच येत नव्हतं.

मॅडमनी मास्तरांना विचारलं, “आपली पुढे काम करण्याची इच्छा आहे का, ते कृपया पूर्ण वाक्यात सांगाल?”

पूर्ण वाक्यात! सभ्य स्त्री-पुरुषहो, ज्या लोकांनी आयुष्यभर त्यांना ऐकवलं की भावना पोचल्या की झालं, त्यांनी! मास्तरांनी प्रयत्न केला. मानेच्या शिरा ताणल्या. “मी... मला... काम...” थांबले. पुन्हा सुरुवात केली. डोळ्यांत पाणी आलं, ते रागाचं होतं. शेवटी टेबलावर हात ठेवून म्हणाले, “इच्छा. इच्छा. ठेवा... मला.”

यात न समजण्यासारखं काय होतं? साहेब, तुमच्या ‘यायचं नाही आलात तर’मधून आम्ही अर्थ काढायचा, जरा समजून घ्यायचं. आणि ‘ठेवा मला’ हे तुम्हाला समजलं नाही? तुम्ही घड्याळ बघितलंत. आत्ताही बघताय.

निर्णय आला तो असा. मला पाठ आहे. ‘सदर कर्मचारी संवाद साधण्यास असमर्थ असल्याचे आढळून आले असून त्यांची स्वेच्छानिवृत्ती मान्य करण्यात आली आहे.’ शुद्धलेखनाची एक चूक नाही. ऱ्हस्व-दीर्घ जागच्या जागी. स्वेच्छा! ‘इच्छा’ हा शब्द मास्तरांनी उच्चारला होता, एवढंच काय ते खरं.

आणि सही केली नाही तर उपचारांची सवलत बंद होईल, असं वहिनींना सांगण्यात आलं. बघा, मीसुद्धा तसंच बोलून गेले, ‘सांगण्यात आलं.’ मास्तर असल्या वाक्याखाली लाल रेघ मारायचे आणि विचारायचे, “कर्ता कुठाय?” तर मी दुरुस्त करते. मॅडम, वहिनींना ते तुम्ही सांगितलंत. ताकीद देण्यात आली नाही, साहेब, तुम्ही दिलीत. निर्णय घेण्यात आला नाही, तुम्ही दोघांनी आणि त्या सल्लागारांनी मिळून घेतलात. मास्तर निवृत्त होत नाहीत. तुम्ही त्यांना काढताय.

मला विचाराल, व्याकरण महत्त्वाचं की निरोप, तर माझं उत्तर हे आहे. व्याकरण फार महत्त्वाचं आहे. कोणी कोणाला काय केलं, हे त्याच्याशिवाय कळत नाही. म्हणूनच ज्यांना ते कळू द्यायचं नसतं, ते व्याकरणाच्या आडोशाला जाऊन बसतात. आणि जो माणूस आत अडकलाय, त्याच्याकडे मागतात पूर्ण वाक्य!

शिवाय त्या सल्लागारांच्या बोलण्यात एक साधी चूक आहे. ‘एकही पूर्ण वाक्य नाही’, हे खोटं आहे. एक होतं. ‘मी आहे.’ कर्ता आहे, क्रियापद आहे. मास्तरांची भाषा परत आणण्यासाठी ज्या ताई घरी येतात, त्यांना मी ते सांगितलं तेव्हा त्या खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या. कितीतरी दिवस त्या एक क्रियापद त्यांच्या तोंडून यावं म्हणून झटत होत्या. ते आलं कोणासाठी, तर एका अनोळखी रंगाऱ्यासाठी. समितीतल्या तिघांनी ते वाक्य ऐकलं. तिघांनाही ऐकू आलं नाही.

मघाशी जे मानपत्र वाचून दाखवलं गेलं, त्यातली भाषा अलंकारिक होती. ‘शब्दांचे शिल्पकार’ वगैरे. मास्तर ऐकत होते आणि मी त्यांच्याकडे बघत होते. तिसऱ्या ओळीत एक विभक्ती चुकली आहे. त्यांची भुवई वर गेली ती मी पाहिली. म्हणजे आमचा माणूस आत शाबूत आहे, काळजी नसावी. वहिनी, डोळे पुसा. तुम्ही रडायचं कारण नाही, रडायचं असेल तर वर बसलेल्यांनी रडावं.

माझं काय होणार ते मला ठाऊक आहे. उद्या माझ्या टेबलावर खुलासा मागणारा कागद येईल. येऊ दे. खुलासा मी आत्ताच केला आहे, सगळ्यांसमोर.

आता रीतीप्रमाणे. मला बोलायची संधी दिली त्याबद्दल आयोजकांचे आभार, पुन्हा देणार नाहीत हे माहीत असूनही. ध्वनिव्यवस्था सांभाळणाऱ्या दादांचे विशेष आभार, कारण मघापासून त्यांना वरून खुणा चालल्या आहेत आणि त्यांनी माईक बंद केलेला नाही. इतका वेळ उभं राहून ऐकलंत, मागच्या मंडळींचे आभार. बोलण्याच्या ओघात लिंग, वचन, विभक्ती यांत चुका झाल्या असतील तर मोठ्या मनानं पदरात घ्याव्यात. बाकी जे बोलले ते चुकून बोललेलं नाही. त्याची क्षमा मागत नाही.

एक शेवटचं. कार्यक्रमपत्रिकेत माझ्यानंतर आभारप्रदर्शन आहे आणि मग चहापान. सत्कारमूर्तींचं मनोगत नाही. मी विचारलं, का नाही? उत्तर मिळालं, “त्यांना अवघड वाटेल.” कोणाला वाटेल, हे मात्र कोणी सांगितलं नाही.

मास्तर, मी बाजूला होते. माईक तुमच्या उंचीचा करून ठेवलाय. वहिनी, हात धरू नका, येतील ते. आणि सभागृहाला एक विनंती. मध्ये टाळ्या वाजवायच्या नाहीत. ते थांबले तर थांबू द्यायचं. कोणीही त्यांचं वाक्य पुरं करून द्यायचं नाही. चहा पुन्हा गरम करता येतो.

या, मास्तर.